पुलाखालच्या काळीचा मालक कोण? बेघरांच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण कुठे अडतं आणि त्यावर उपाय काय

रात्री अकरानंतर मुंबईतल्या एखाद्या मोठ्या उड्डाणपुलाखालून गेलात, तर हे दृश्य दिसतंच. खांबाच्या आडोशाला ताडपत्री, वर प्लास्टिकच्या गोण्या आणि अंथरुणावर झोपलेल्या माणसाच्या पायाशी अंगाचं वेटोळं करून पडलेला कुत्रा. अनोळखी पावलं जवळ आली की तो आधी मान वर करतो, मग उठून उभा राहतो. दार, कडी, कुलूप आणि वॉचमन अशी सगळी कामं तो एकटाच करत असतो.

महापालिकेच्या नोंदीत मात्र हा कुत्रा 'भटका' असतो. त्याला नाव आहे, रोज खाऊ घालणारा माणूस आहे, झोपायची ठरलेली जागाही आहे. नाही ती फक्त माणसाच्या घराचा पत्ता. या एका कमतरतेमुळे त्याचं निर्बीजीकरण, लसीकरण आणि उपचार कसे अडतात, ते समजून घेऊ.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. पुलाखाली राहणाऱ्या, भंगार आणि प्लास्टिक वेचणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याकडे दोन वर्षांची एक कुत्री आहे, नाव काळी. मावशी पहाटे कामाला बाहेर पडतात आणि दुपारी परततात. दोघी काल्पनिक आहेत, पण त्यांच्यासमोरच्या अडचणी खऱ्या आहेत.

नियमांनुसार काळी कोणाची?

देशात कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं काम 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' नुसार चालतं. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालचे हे नियम मार्च २०२३ मध्ये लागू झाले आणि त्यांनी २००१ च्या जुन्या नियमांची जागा घेतली.

या नियमांत कुत्र्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला पाळीव कुत्रा. त्याचं लसीकरण, जंतनाशक औषध आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी. दुसरा, ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही असा रस्त्यावरचा म्हणजे 'सामुदायिक' कुत्रा. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिका किंवा नगरपालिकेची. प्राणी कल्याण संस्थांच्या मदतीनं हे काम करून घेतलं जातं.

काळी या दोन्ही रकान्यांत नीट बसत नाही. मावशींनी ती पाळली आहे म्हणावं, तर कुत्र्याचा परवाना काढायला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ती भटकी आहे म्हणावं, तर तिला पकडून नेताना मावशींना विचारायची किंवा कळवायची गरज कोणाला वाटत नाही. अर्जात तिसरा रकानाच नाही.

असे किती लोक आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७.७ लाखांहून अधिक बेघर नोंदवले गेले. मुंबईचा आकडा सुमारे ५७ हजार होता. कुत्र्यांच्या बाबतीत, २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते आणि २०२४ च्या पाहणीत सुमारे ९० हजार. यातले किती कुत्रे बेघरांच्या सोबतीनं राहतात, याचा वेगळा रकाना या गणनांत नसतो.

निर्बीजीकरण इतकं महत्त्वाचं का?

साधं गणित करू. कुत्री साधारण सहा महिन्यांनी एकदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. जास्तीत जास्त धरलं तर वर्षाला दोन वेतं, आणि एका वेताला पाच पिल्लं, म्हणजे वर्षाला दहा पिल्लं.

या दहांचं पुढे काय होतं? कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या पिल्लांचा मागोवा घेतला होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, प्रजननाच्या वयापर्यंत फक्त १९ टक्के पिल्लं जगली. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मृत्यूमागे माणसांचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात होता.

हेच प्रमाण आपल्या उदाहरणाला लावलं, तर काळीच्या दहापैकी आठ पिल्लं मोठी होण्याआधीच मरतील. गाडीखाली, पार्व्होसारख्या आजारानं, उपासमारीनं. ती मरताना मावशी बघणार आणि उरलेल्या दोघांच्या तोंडी घास कुठून घालायचा, याची चिंताही त्यांनाच. वर काळीला दर माजाच्या वेळी पुलाखाली जमणारे नर, त्यांची भांडणं आणि अंथरुणाशेजारचा रात्रभराचा गोंधळ.

वैद्यकीय कारणंही आहेत. निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जिवावर बेततो. समागमातून पसरणारी गाठ, म्हणजे 'टीव्हीटी', रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये वारंवार दिसते. तिच्यासाठी काही आठवडे इंजेक्शनं द्यावी लागतात. वेळेत निर्बीजीकरण केलं तर दोन्ही धोके पुष्कळ कमी होतात.

मग मावशी काळीला लपवतात का?

कुत्रे पकडणारी गाडी आली की फूटपाथवरची माणसं आपला कुत्रा हाकलून देतात किंवा गोण्यांमागे दडवतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यांना निर्बीजीकरण नकोच आहे. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर कारणं वेगळी दिसतात.

• गाडी दिवसा येते. मावशी तेव्हा कामावर असतात. परत येऊन पाहतात तर काळी गायब. कोणी नेली, कुठे नेली, परत येणार की नाही, हे सांगणारं कोणी नसतं.

• नियमांनुसार कुत्रे पकडण्याआधी परिसरात जाहीर सूचना देणं अपेक्षित आहे. पण फलक लावला तरी तो वाचता यायला हवा आणि त्या दिवशी तिथे हजर असायला हवं.

• शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला केंद्रात साधारण चार-पाच दिवस ठेवतात आणि जिथून पकडलं तिथेच सोडतात. पण मधल्या काळात पुलाखालची वस्ती हटवली गेली तर? काळी 'योग्य' जागी परत येते, मावशी मात्र तिथे नसतात.

• ज्यांचं सामान, चूल, अंथरूण एकदा तरी गाडीत भरून गेलं आहे, ते कोणत्याही सरकारी गाडीकडे संशयानंच पाहणार.

यातला विरोधाभास असा की, काळी ही खरं तर निर्बीजीकरणासाठी शहरातली सगळ्यात सोपी कुत्री आहे. तिला जाळी टाकून पळवावं लागत नाही. नावानं हाक मारली की ती येते. मावशी तिला मांडीवर घेऊन बसू शकतात. ती रोज रात्री एकाच जागी सापडते आणि परत आल्यावर टाक्यांकडे लक्ष ठेवायला माणूसही आहे. एवढं सगळं हाताशी असताना तीच नोंदीतून सुटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांनी काय बदललं?

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो बदलला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि लसीकरण झालेले कुत्रे त्याच भागात परत सोडावेत, मात्र रेबीज झालेले, रेबीजचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नयेत, असं त्यात म्हटलं. प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवण्यात आली.

याच आदेशातल्या दोन मुद्द्यांचा बेघरांशी थेट संबंध येतो.

पहिला मुद्दा खाऊ घालण्याचा. ते ठरवून दिलेल्या जागीच करायचं, रस्त्यावर नाही. पण ज्याचं घरच रस्त्यावर आहे, त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी कुत्र्याला दिली तर ते 'रस्त्यावर खाऊ घालणं' झालं की घरात? आदेश शब्दशः वाचला तर याचं उत्तर मावशींच्या बाजूनं जात नाही.

दुसरा मुद्दा दत्तक घेण्याचा. पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येतो, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे काळीला कागदोपत्री आपली करण्याचा हा मार्गही मावशींसाठी बंद.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं-आगारं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटके कुत्रे हटवावेत, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यांत ठेवावेत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असं त्यात सांगितलं. रुग्ण, विद्यार्थी आणि प्रवासी यांच्या सुरक्षिततेसाठी हा आदेश आहे आणि ती चिंता खरी आहे. पण बेघर माणूस रात्री कुठे झोपतो, हेही पाहायला हवं. स्थानकाजवळ, एसटी आगाराच्या कडेला, मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीलगत. त्याचा कुत्रा आवाराच्या आत सापडला तर तो कायमचा जाणार, बाहेर सापडला तर चार-पाच दिवसांनी परत येणार. फरक फक्त एका फाटकाचा.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काय काळजी घ्यायची?

आधी : भूल देण्यापूर्वी पोट रिकामं हवं. साधारणपणे आदल्या रात्रीनंतर खायला देत नाहीत, नेमके तास डॉक्टर सांगतात. कुत्री गाभण आहे का, पिल्लांना दूध पाजते आहे का, कधी व्याली, ही माहिती सोबतच्या माणसालाच असते, ती डॉक्टरांना द्यावी. सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लांना या मोहिमेत पकडायचं नसतं.

शस्त्रक्रिया : कुत्रीचं गर्भाशय आणि अंडाशय काढतात, नराचे वृषण काढतात. त्याच वेळी रेबीजची लस देतात आणि भुलेखाली असतानाच एका कानाला खाच पाडतात. कानाला खाच असलेला कुत्रा दिसला की समजायचं, याचं निर्बीजीकरण झालं आहे. तो पुन्हा पकडला जाऊ नये, यासाठीच ही खूण.

नंतर : पहिले सात ते दहा दिवस महत्त्वाचे.

• जखम कोरडी राहू द्या. अंघोळ नको. पावसाळ्यात कोरड्या गोणीवर किंवा पुठ्ठ्यावर झोपवा.

• कुत्री टाके चाटते किंवा चावते का, ते पाहा. गळ्यात घालायचा कोन केंद्राकडे मागा.

• सूज वाढली, पू किंवा रक्त आलं, दोन वेळचं खाणं सोडलं, तर त्याच दिवशी केंद्राला कळवा.

• माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही कुत्र्यांना घातक ठरू शकतं.

रोजची निगा कमी खर्चात कशी राखायची?

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्यायची, पुढे दरवर्षी. पार्व्हो आणि डिस्टेंपरविरुद्धची लस पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. मुंबईच्या पावसात लेप्टोचा धोका असतो, त्याचं संरक्षण देणाऱ्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावं. जंतनाशक औषध ठरावीक अंतरानं द्यावं.

गोचीड रोज हातानं पाहायचे, विशेषतः कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत. जखमेत अळ्या पडल्या तर बरेच जण फिनेल, रॉकेल किंवा पेट्रोल ओततात. त्यानं जखम भाजते आणि कुत्रा आणखी बिथरतो. जखम झाकून लगेच प्राणी संस्थेला किंवा पशुवैद्यकाला दाखवणं हाच मार्ग.

खाण्यात फक्त ग्लुकोज बिस्किटं नकोत. भात, चिकनच्या दुकानातले शिजवलेले उरलेले तुकडे, अंडं हे त्याहून बरं. कांदा आणि चॉकलेट टाळा. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रे मैलभर पळतात आणि चुकतात. त्या दिवसांत गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर कोणाचा तरी फोन नंबर असावा.

रेबीजचा धोका कोणाला जास्त?

जो कुत्र्याशेजारी झोपतो, त्याला. आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांच्या अलीकडच्या अभ्यासानुसार, देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजनं सुमारे ५,७०० जण दगावतात. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. वेळेत उपचार घेतले तर तो टाळताही येतो.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची. मग थेट सरकारी किंवा पालिका रुग्णालय. त्वचेत टोचायच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, आणि पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं.

बेघर माणसासाठी 'पंधरा मिनिटं वाहतं पाणी' हीच पहिली अडचण, आणि रोजंदारी बुडवून चार वेळा रुग्णालयात जाणं ही दुसरी. म्हणून त्याच्या कुत्र्याचं लसीकरण हे त्या माणसाचंही संरक्षण आहे. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते ७० टक्के गाठताना हे हाताशी असलेले कुत्रे वगळणं परवडणारं नाही.

इतर देशांत काय केलं जातं?

ब्रिटनमध्ये २०१६ साली दोन पशुवैद्यकांनी 'स्ट्रीटव्हेट' सुरू केलं. डॉक्टर पाठीवर औषधांची पिशवी घेऊन बेघरांपर्यंत जातात आणि त्यांच्या प्राण्यांवर मोफत उपचार करतात. अमेरिकेत २०१५ पासून 'स्ट्रीट डॉग कोअ‍ॅलिशन' असंच काम करते. तिथे काही शिबिरांत कुत्र्याला लस आणि माणसाची तपासणी एकाच ठिकाणी होते. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये बेघर निवाऱ्यांत कुत्र्यांची सोय व्हावी म्हणून वेगळा निधी ठेवला. कुत्र्याला बाहेर सोडून यायला सांगितलं की अनेक जण निवाराच नाकारतात, हा अनुभव त्यामागे होता.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. तिथे बेघराचा कुत्रा कायद्यानं त्याचाच असतो, इथे तो 'कोणाचाच नाही' असा धरला जातो. तरीही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : डॉक्टर माणसापर्यंत जातो आणि आधी माणसाशी बोलतो.

मग इथे काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही.

१. आधी बोला, मग कुत्रा उचला. गाडीसोबत आलेल्या कार्यकर्त्यानं एवढं म्हटलं तरी चित्र बदलतं : "मावशी, काळीला ऑपरेशनला नेतोय. रविवारी संध्याकाळी इथेच आणून सोडतो. हा नंबर ठेवा." भेट पहाटे कामाला निघण्याआधी किंवा रात्री घेतली तर मावशी सापडतात.

२. पावती द्या. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याची आणि जागेची नोंद केंद्राला ठेवावीच लागते. त्याच नोंदीची एक चिठ्ठी, कुत्र्याच्या फोटोसह, सांभाळणाऱ्याच्या हातात द्यायला खर्च येत नाही. फोन नसेल तर शेजारच्या चहावाल्याचा नंबर चालेल.

३. ओळख गळ्यात ठेवा. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडची ओळखपत्रं बांधली गेली होती. स्कॅन केलं की कुत्र्याचं नाव, लसीकरण आणि संपर्क दिसतो. विमानतळाबाहेर जे जमलं, ते पुलाखालीही जमू शकतं.

४. परत सोडताना माणूस शोधा. नोंदीत जागेसोबत 'कोणाजवळ' हाही एक शब्द लिहिला, तर वस्ती हलली तरी कुत्रा योग्य हाती पोहोचेल.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या रोजच्या वाटेवर एखादा बेघर माणूस आणि त्याचा कुत्रा असेल, तर कुत्र्याच्या कानाकडे पाहा. खाच नसेल तर आधी त्या माणसाशी बोला. त्याची तयारी असेल तर पालिकेकडे (मुंबईत १९१६ या क्रमांकावर) किंवा निर्बीजीकरण करणाऱ्या प्राणी संस्थेकडे नोंद करा आणि संपर्कासाठी तुमचा नंबर द्या. कुत्रा नेला त्या दिवशी आणि परत येईल त्या दिवशी पाच मिनिटं तिथे थांबा. वर्षातून एकदा रेबीजच्या लसीचा खर्च उचलणं हेही बहुतेकांच्या आवाक्यातलं आहे.

एक काम मात्र करू नका. 'कुत्रा त्रास देतो' अशी तक्रार करण्याआधी तो कोणाच्या पायाशी झोपतो, ते रात्री एकदा पाहून या. चावरा असेल तर तक्रार जरूर करा, पण त्या माणसाला सांगून.

काळीचं ऑपरेशन होऊन ती ठरल्या दिवशी परत आली, तर पुढच्या वेळी गाडी दिसल्यावर मावशी तिला लपवणार नाहीत. पलीकडच्या खांबाजवळच्या माणसालाही त्या सांगतील, की यांच्याकडे दे, आणून सोडतात. एका कुत्रीची वेळेवर झालेली परतफेड त्या पुलाखालच्या पुढच्या दहा कुत्र्यांचा रस्ता मोकळा करते. ती परत आलीच नाही, तर पुढची कित्येक वर्षं तिथला एकही कुत्रा गाडीच्या हाती लागणार नाही.